व्हर्च्युअल डेस्कटॉपवर काल टाकलेली पॅकेजेस आज गायब: कारण आणि उपाय

तक्रार दर सेमिस्टरला त्याच सुरात येते. रात्री विद्यापीठाच्या रिमोट म्हणजेच व्हर्च्युअल डेस्कटॉपवर (त्यांच्या सर्व्हरवर चालणारं, इंटरनेटवरून वापरायचं विंडोज मशीन) आरस्टुडिओ उघडलं, म्हणजे संख्याशास्त्राच्या 'आर' या प्रोग्रामिंग भाषेत काम करायचं ॲप; लागणारी सगळी पॅकेजेस (आरला जोडायचे तयार कोडचे संच) टाकली, असाइनमेंटचा कोड चालला. सकाळी पुन्हा लॉगिन केलं, तर आर म्हणतं की या नावाचं पॅकेजच इथे नाही. पुन्हा टाकलं, पुन्हा चाललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग कोणी सांगतं आर काढून नव्याने टाक (ते करायला ॲडमिनचे अधिकार लागतात आणि ते तुम्हाला दिलेले नसतात), कोणी म्हणतं ब्राउझरची कॅश साफ कर. कॅशचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

हे लिहितोय ते मुख्यतः अमेरिकेत शिकणाऱ्या आणि सुट्टीत पुण्या-नागपूरला घरी येऊन तिथूनच विद्यापीठाच्या मशीनवर काम रेटणाऱ्या मुलामुलींसाठी. पण विंडोजवर चालणारा व्हर्च्युअल डेस्कटॉप जिथे जिथे आहे तिथे हेच लागू पडेल. आज्ञा आणि फाइलींची नावं खाली उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना अर्थात रोमन अक्षरांत.

मशीन तुमच्या नावावर नसतं

तुम्हाला पडद्यावर जो डेस्कटॉप दिसतो तो बहुतेक वेळा एका साठ्यातून काढून दिलेला असतो. विद्यापीठ एक नमुना-प्रतिमा तयार करतं, त्यात आर, एसपीएसएस (आकडेवारीचं), मॅटलॅब (गणिताचं), आर्कजीआयएस (नकाशांचं) वगैरे सॉफ्टवेअर बसवलेलं असतं, आणि त्या प्रतिमेवरून शेकडो मशीन उभी राहतात. तुम्ही साइन आउट केलंत की ते मशीन पुसून मूळ प्रतिमेवर परत नेलं जातं. होरायझन या व्हर्च्युअल डेस्कटॉप प्रणालीच्या इन्स्टंट क्लोन पद्धतीत तर ते मशीनच काढून टाकलं जातं आणि त्याच्या जागी नवीन तयार होतं. धर्मशाळेची खोली समजा: तुम्ही भिंतीला खिळा ठोकलात तर पुढच्या खेपेला तो तिथे असेल असं धरून चालू नका, खोलीही बहुधा दुसरीच मिळेल.

याला पूल्ड डेस्कटॉप म्हणतात. काही संशोधकांना पर्सनल डेस्कटॉप मिळतो, म्हणजे तेच मशीन कायम त्यांच्याच नावावर राहतं. तुमचं कोणतं आहे हे ओळखायला टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा आणि 'अप टाइम' वाचा. तुम्ही लॉगिन करायच्या थोडंच आधी मशीन सुरू झालेलं दिसत असेल तर ते नुकतंच जन्माला घातलेलं आहे. दुसरी खूण: कमांड प्रॉम्प्टमध्ये 'होस्टनेम' ही आज्ञा देऊन येणारं नाव कागदावर टिपून ठेवा. पुढच्या लॉगिनला नाव बदललं तर पूल्ड. नाव तेच आलं म्हणून मात्र पर्सनल ठरत नाही. लहान साठ्यात तेच नाव पुन्हा वाट्याला येऊ शकतं.

जाता जाता एक: सीनियरने दिलेल्या जुन्या सूचनांतली डेस्कटॉपला जोडणाऱ्या ॲपची नावं सापडत नसतील तर घाबरू नका, ती बदलली आहेत. सिट्रिक्स रिसीव्हरचं २०१८ मध्ये सिट्रिक्स वर्कस्पेस ॲप झालं. व्हीएमवेअर होरायझन २०२४ पासून ऑम्निसा होरायझन आहे. मॅकवरचं मायक्रोसॉफ्ट रिमोट डेस्कटॉप त्याच वर्षी 'विंडोज ॲप' झालं, आणि इतकं सर्वसाधारण नाव ठेवणाऱ्याला शोधयंत्र कधी वापरावं लागत नसावं. सिट्रिक्सवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. डाउनलोड फोल्डरमध्ये पडलेली कालची आयसीए फाइल (जोडणीसाठी पोर्टल देतं ती) उघडून पुन्हा जोडणी होत नाही. त्या फाइलीतलं तिकीट थोड्याच वेळापुरतं असतं, दर वेळी पोर्टलवरून नवी घ्यावी लागते.

आधी चाचणी, मग उपाय

उपायांची यादी मागण्याआधी तुमच्या विद्यापीठात काय टिकतं आणि काय पुसलं जातं ते स्वतः पाहा. हेल्प डेस्कच्या पानावर 'तुमच्या फाइल्स एच ड्राइव्हवर ठेवा' (म्हणजे सर्व्हरवरच्या तुमच्या जागेत) एवढंच लिहिलेलं असतं. ते खरं आहे, पण अपुरं आहे. कारण पॅकेजेस कुठे जातात हे तुम्ही ठरवत नाही, प्रोग्राम ठरवतो.

नोटपॅडमध्ये एक छोटी फाइल करा आणि तिच्या प्रती या ठिकाणी ठेवा: सी ड्राइव्हवर जिथे लिहिता येईल तिथे, डेस्कटॉपवर, डॉक्युमेंट्समध्ये, तुमच्या यूझर फोल्डरमधल्या ॲपडेटाच्या आत 'रोमिंग'मध्ये, ॲपडेटाच्याच आत 'लोकल'मध्ये, आणि नेटवर्क ड्राइव्हवर. नेटवर्क ड्राइव्हचं अक्षर बहुधा एच असतं, काही ठिकाणी यू किंवा झेड. ॲपडेटा फोल्डर लपवलेला असतो. फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये ॲपडेटा लिहून एंटर मारलं की थेट रोमिंग उघडतं, आणि लोकलॲपडेटा लिहिलं की लोकल.

आता साइन आउट करा. खिडकीचा फुलीचा बटण दाबणं म्हणजे साइन आउट नव्हे, त्याबद्दल पुढे येतंच. स्टार्ट मेनूतून साइन आउट करून काही मिनिटांनी परत या आणि कोणत्या प्रती जिवंत आहेत ते पाहा.

रोमिंग आहे, लोकल गायब, डॉक्युमेंट्स आहे: तुमच्याकडे जुन्या वळणाचं रोमिंग प्रोफाइल (तुमच्या सेटिंग्ज आणि फाइल्स सर्व्हरवरून येतात-जातात) आणि फोल्डर रीडायरेक्शन (डॉक्युमेंट्ससारखे फोल्डर नेटवर्क ड्राइव्हकडे वळवलेले) आहे. विंडोज साइन आउटच्या वेळी प्रोफाइल सर्व्हरवर परत पाठवतं, पण 'लोकल' फोल्डर मुद्दाम मागे ठेवतं. तो बिघाड नाही, तसंच ठरवलेलं आहे.

लोकलसकट सगळं प्रोफाइल आहे, फक्त सी ड्राइव्हवर इतरत्र ठेवलेलं गेलं: बहुधा एफएसलॉजिक्स. ही मूळची स्वतंत्र कंपनी २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतली. यात तुमचं पूर्ण प्रोफाइल एका आभासी डिस्कच्या फाइलीत राहतं आणि लॉगिन होताना ती डिस्क मशीनला जोडली जाते. या मंडळींना पॅकेजेस गायब होण्याचा त्रास सहसा होत नाही. त्यांचा त्रास वेगळा, तो पुढे आहे.

नेटवर्क ड्राइव्ह सोडून सगळं गेलं: काहीही टिकत नाही असा डेस्कटॉप. वर्गातल्या प्रात्यक्षिकांसाठी असे ठेवतात.

आरच्या बाबतीत नेमकं काय झालं

आता मूळ मुद्दा. 'आधी तर चालायचं, मग कधीतरी बिघडलं' असं म्हणणारे सीनियर भेटतात. ते खरंच बोलतात.

विंडोजवर आर तुमची स्वतःची पॅकेजेस पूर्वी डॉक्युमेंट्समध्ये, आर नावाच्या फोल्डरच्या आत 'विन-लायब्ररी'त ठेवायचं. विद्यापीठांत डॉक्युमेंट्स नेटवर्क ड्राइव्हकडे वळवलेलं असे, त्यामुळे कोणी काही न करताच पॅकेजेस टिकायची. एप्रिल २०२२ मध्ये आरची ४.२.० ही आवृत्ती आली आणि हा फोल्डर ॲपडेटाच्या 'लोकल'मध्ये गेला. स्वतःच्या लॅपटॉपवर हा बदल सोयीचाच आहे. डॉक्युमेंट्स वनड्राइव्हच्या ताब्यात असलं की हजारो बारीक फाइल्स सिंक होत बसायच्या, ते थांबलं. पण रोमिंग प्रोफाइलच्या व्हर्च्युअल डेस्कटॉपवर 'लोकल' म्हणजे पुसला जाणारा भाग. विद्यापीठाने नमुना-प्रतिमेत नवं आर बसवलं, आणि त्या दिवसापासून सगळ्यांची पॅकेजेस रोज रात्री कचऱ्यात जाऊ लागली. आरने काही मोडलं नाही, विद्यापीठानेही नाही; दोन्हीकडचे निर्णय आपापल्या जागी योग्य आहेत आणि भुर्दंड मात्र विद्यार्थ्याला.

खात्री करायला आरमध्ये डॉट-लिबपाथ्स हे फंक्शन रिकाम्या कंसांसह चालवा. पहिल्या ओळीत 'ॲपडेटा' आणि 'लोकल' दिसलं आणि वरच्या चाचणीत तुमची लोकलमधली प्रत मेली होती, तर निदान झालं.

उपाय: लायब्ररीचा पत्ता बदला

दर वेळी पॅकेज टाकताना लायब्ररीचा पत्ता हाताने देता येतो, पण ते चार दिवसांत विसरायला होतं. कायमचा उपाय 'डॉट-आरएन्व्हिरॉन' या फाइलीत आहे. आर सुरू होताना ही फाइल तुमच्या होम फोल्डरमधून वाचतं, आणि विंडोजवर आरचं होम म्हणजे बहुधा डॉक्युमेंट्स. ते तुमच्याकडे टिकतंय हे चाचणीत पाहिलंच आहे.

आधी नेटवर्क ड्राइव्हवर फोल्डर बनवा. एच ड्राइव्हवर 'आर' आणि त्याच्या आत आवृत्तीच्या आकड्याचा फोल्डर, उदाहरणार्थ ४.४. आकडा तुमच्या आरच्या आवृत्तीचे पहिले दोन भाग असावा, आणि फोल्डरच्या नावात तो इंग्रजी अंकांतच लिहा. हा फोल्डर आधी बनवणं टाळू नका. पत्ता दिला पण फोल्डरच नसला तर आर एक अक्षरही न बोलता तो पत्ता सोडून देतं, आणि तुम्ही तासभर डोकं धरून बसता.

मग आरमध्येच फाइल डॉट एडिट हे फंक्शन चालवा आणि कंसात, अवतरणचिन्हांत, टिल्ड, तिरकी रेघ आणि डॉट-आरएन्व्हिरॉन हे नाव द्या. नावातला आर मोठ्या लिपीतला, बाकी अक्षरं लहान. नोटपॅडने ही फाइल बनवू नका. नोटपॅड तिला गुपचूप टीएक्सटीचं शेपूट लावतो आणि मग आर ती ओळखत नाही. उघडलेल्या फाइलीत एकच ओळ हवी. आर, अंडरस्कोर, एल-आय-बी-एस, अंडरस्कोर, यू-एस-ई-आर, सगळी मोठी अक्षरं. मग बरोबरचं चिन्ह. मग एच, विसर्गासारखा कोलन, तिरकी रेघ, आर, तिरकी रेघ, टक्क्याचं चिन्ह आणि लहान व्ही. कुठेही मोकळी जागा नको. टक्का-व्हीच्या जागी आर स्वतःच ४.४ असा आकडा भरतं, म्हणजे उद्या विद्यापीठाने नवं आर बसवलं तर जुनी पॅकेजेस नव्यात मिसळणार नाहीत. तेव्हा फक्त नव्या आकड्याचा फोल्डर बनवायचा आणि पॅकेजेस पुन्हा टाकायची.

तिरकी रेघ पुढे झुकणारी, वेबपत्त्यातली असते तशी. विंडोजची मागे झुकणारी रेघ इथे घोटाळा करते. ओळ संपल्यावर एंटर मारून मगच सेव्ह करा, शेवटच्या ओळीनंतर नवी ओळ नसेल तर आर ती ओळ न वाचण्याची शक्यता असते. आर बंद करून पुन्हा उघडा, डॉट-लिबपाथ्स पुन्हा पाहा. पहिल्या ओळीत एच ड्राइव्ह आला की काम झालं.

इथे अडकायच्या दोन जागा आहेत. डॉक्युमेंट्सचा खरा पत्ता दोन मागे झुकलेल्या रेघांनी सुरू होणारा सर्व्हरचा लांब पत्ता असेल, तर लायब्ररीसाठी तो वापरू नका, ड्राइव्हचं अक्षरच वापरा. लांब पत्त्यावर पॅकेजेस टाकताना चित्रविचित्र चुका येतात. दुसरी जागा म्हणजे 'तात्पुरतं इन्स्टॉलेशन हलवता आलं नाही' अशी तक्रार. पॅकेज उतरतं, उलगडतं, आणि शेवटच्या क्षणी त्याचा फोल्डर जागेवर नेताना नेटवर्क किंवा अँटिव्हायरस आडवा येतो. तीच आज्ञा पुन्हा दिली की अनेकदा जातं. नाही गेलं तर पॅकेज सी ड्राइव्हवरच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये टाका आणि तयार झालेला फोल्डर फाइल एक्सप्लोररने उचलून एच ड्राइव्हवरच्या लायब्ररीत ठेवा. विंडोजवर बसवलेलं आरचं पॅकेज म्हणजे एक फोल्डरच असतो, आवृत्तीचे पहिले दोन आकडे तेच असतील तर तो उचलून नेलेला चालतो.

नेटवर्क ड्राइव्हवरून मोठी पॅकेजेस उघडायला थोडा वेळ लागतो. तो सहन करा. माझ्या मते रोज सकाळी पॅकेजेस पुन्हा टाकण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आरएन्व्ह (प्रत्येक प्रकल्पाची पॅकेजेस वेगळी ठेवणारं साधन) वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की त्याची कॅशही 'लोकल'मध्येच असते, आणि प्रकल्पाची लायब्ररी त्या कॅशकडे नुसतं बोट दाखवते. कॅश पुसली गेली की प्रकल्पाचा फोल्डर जागेवर असूनही आत काही नसतं. कॅशचा पत्ताही याच फाइलीतून बदलता येतो.

पायथन, आर्कजीआयएस आणि बाकीचे

पायथनमध्ये उलटा प्रकार होतो. पिपने (पायथनची पॅकेजेस टाकणारी आज्ञा) 'यूझर' पर्याय देऊन टाकलेली पॅकेजेस ॲपडेटाच्या रोमिंगमध्ये जातात. ती टिकतात. पण रोमिंग प्रोफाइल लॉगिनच्या वेळी सर्व्हरवरून पूर्ण उतरवलं जातं, त्यात हजारो छोट्या फाइल्स आल्या की लॉगिनला चहा करून पिऊन होईल इतका वेळ लागायला लागतो. 'हल्ली डेस्कटॉप उघडायलाच खूप वेळ घेतो' या तक्रारीमागे मला पुष्कळदा हेच दिसलं आहे. रोमिंगमधला पायथनचा फोल्डर काढून टाका आणि एच ड्राइव्हवर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथन पॅकेजेसचा वेगळा फोल्डर) बनवा. ते एकदा बनवलं की जागेवरून हलवू नका, त्यात पूर्ण पत्ते कोरलेले असतात. मूळ पायथनचा पत्ताही त्यात असतो, म्हणून विद्यापीठाने नमुना-प्रतिमेतला पायथन बदलला की एन्व्हायर्नमेंट अचानक मरतं. रिक्वायरमेंट्सची, म्हणजे लागणाऱ्या पॅकेजेसची, यादी फाइलीत ठेवलेली असेल तर नवं बनवायला फार कष्ट नाहीत.

आर्कजीआयएस प्रोचं मूळ पायथन एन्व्हायर्नमेंट फक्त वाचण्यासाठी असतं, नवं पॅकेज टाकायचं तर त्याची प्रत काढावी लागते. ती प्रत कुठे जाते? ॲपडेटा, लोकल. पुन्हा तोच खड्डा. प्रत काढताना पत्ता बदलून द्या.

आयकॉनच दिसत नाही, एसपीएसएस कालपर्यंत होतं आणि आज नाही, असं झालं तर मिनिटभर थांबा. काही ठिकाणी सॉफ्टवेअर नमुना-प्रतिमेत नसतं, लॉगिन झाल्यावर वेगळ्या डिस्कवरून जोडलं जातं, आणि आयकॉन मागाहून उगवतात.

सगळंच नेटवर्क ड्राइव्हवर नको

इतकं वाचून सगळा संसार एच ड्राइव्हवर हलवायचा मोह होईल. झोटेरोचा (संदर्भ सांभाळणारं ॲप) डेटा फोल्डर तिथे नेऊ नका. त्याच्या पोटात एसक्यूलाइटचा, म्हणजे एकाच फाइलीत राहणारा, डेटाबेस असतो, आणि नेटवर्कवरून किंवा वनड्राइव्हसारख्या सिंकमधून वापरला की तो खराब होऊ शकतो. चार वर्षांचे संदर्भ असे गेले की रडू येतं. झोटेरोचं स्वतःचं सिंक चालू करा. संदर्भांना मर्यादा नाही, जोडलेल्या पीडीएफसाठी ३०० एमबी फुकट मिळतात.

आर्कजीआयएसचे फाइल जिओडेटाबेसही (नकाशांचा डेटा ठेवणारे फोल्डर) नेटवर्कवर रांगतात. काम सुरू करताना सी ड्राइव्हवर प्रत घ्या, संपताना परत ठेवा, आणि हे 'संपताना' विसरू नका.

तिसरा मोह स्वतःच्या लॅपटॉपच्या ड्राइव्हचा. रिमोट सत्रात तुमच्या लॅपटॉपचा ड्राइव्ह जोडलेला दिसतो, म्हणून पुण्यातून कोणी पॅकेजेस तिथेच टाकायला जातं. म्हणजे आरची प्रत्येक छोटी फाइल समुद्र ओलांडून तुमच्या घरापर्यंत येणार आणि परत जाणार. ती जोडणी एखादी फाइल आणण्या-नेण्यापुरती ठीक आहे.

फक्त पॅकेजेस नाही, सगळंच गेलं असेल तर

डेस्कटॉपचं चित्र बदललं, ब्राउझरच्या खुणा गेल्या, आरस्टुडिओ पहिल्यांदा उघडल्यासारखं वागतंय. अशा वेळी आधी यूझर फोल्डरचं नाव पाहा. तिथे तुमच्या नावाऐवजी 'टेम्प' दिसलं तर विंडोजने तुम्हाला तात्पुरतं प्रोफाइल दिलं आहे. या अवस्थेत काहीही महत्त्वाचं सेव्ह करू नका, ते साइन आउटला जाणारच. तुमचं खरं प्रोफाइल सुरक्षित असतं, फक्त जोडलं गेलेलं नसतं.

कारण बहुधा दोनांपैकी एक. प्रोफाइलची जागा भरली, किंवा आधीचं सत्र अजून कुठेतरी जिवंत आहे. एफएसलॉजिक्समध्ये दुसरं कारण फार आढळतं: प्रोफाइलची डिस्क जुन्या मशीनने सोडलेलीच नसते, मग नव्याला ती मिळत नाही. ही डिस्क विद्यापीठाने वेगळं काही ठरवलं नसेल तर सुमारे ३० जीबीपर्यंत वाढते. तितकी भरली तरी गडबड सुरू होते. डाउनलोड्स आणि टीम्सची कॅश हे नेहमीचे संशयित. जुनं सत्र अडकलेलं असेल तर ते मोडायला हेल्प डेस्कच लागतो, तुम्ही वीस वेळा लॉगिन करून ते सुटत नाही.

फुली दाबणं आणि साइन आउट करणं

खिडकी बंद केली की सत्र तुटतं, संपत नाही. आतले प्रोग्राम काही काळ चालू राहतात आणि पुन्हा जोडणी केलीत तर तिथूनच पुढे सुरू. ही चांगली सोय आहे, पण ती किती वेळ हे विद्यापीठ ठरवतं. ती मुदत संपली की सत्र मारलं जातं आणि न सेव्ह केलेलं सगळं जातं.

निष्क्रियतेची मर्यादा आणखी फसवी. ती कळफलक आणि माउसच्या हालचालीवर मोजली जाते, मशीन आतून किती राबतंय यावर नाही. तुमचं सिम्युलेशन पूर्ण ताकदीने चालू असलं तरी तुम्ही जेवायला गेलात म्हणजे तुम्ही निष्क्रिय. माउस हलवत ठेवणारी छोटी साधनं मिळतात. ती वापरू नका असंच सांगेन, बहुतेक ठिकाणी नियमाविरुद्ध आहेत आणि मुख्य अडचण सोडवतही नाहीत. रात्रभर चालणारं काम या मशीनसाठी नाहीच. त्यासाठी विभागाच्या संगणक-क्लस्टरवर (मोठ्या कामांसाठी एकत्र जोडलेले संगणक) खातं मागा, आणि तोपर्यंत कोड असा लिहा की दर टप्प्याला मधला निकाल एच ड्राइव्हवर सेव्ह होईल.

भारतातून काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट कोणी सांगत नाही. देखभालीसाठी मशीन रात्री दोन-तीन वाजता बंद करतात, तिथल्या रात्री. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे २ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळचे ११:३० आणि हिवाळ्यात दुपारचे १२:३०. ऐन कामाच्या वेळी सत्र तुटत असेल, तेही रोज ठरावीक सुमाराला, तर तुमच्या घरच्या वायफायला दोष देण्याआधी विद्यापीठाचं देखभालीचं वेळापत्रक पाहा. नोव्हेंबरात ही वेळ तासाने सरकली तर शंकाच उरायला नको.

टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटतं यावर मात्र इलाज नाही. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर, आणि काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन येऊन किमान १२५ मिलिसेकंद, आणि केबल सरळ रेषेत नसल्यामुळे प्रत्यक्षात २०० च्या वर. कोड लॅपटॉपवर लिहून तिथे फक्त चालवला तर जीव कमी जातो. लॉगिनसाठीचा एसएमएस अमेरिकेतल्या नंबरवर येत असेल तर निघण्याआधीच ऑथेंटिकेटर ॲप लावून घ्या. त्यातले कोड फोनला रेंज नसतानाही बनतात.

मराठी डेटा असलेल्यांसाठी

आरच्या ज्या ४.२.० ने लायब्ररी हलवली, त्याच आवृत्तीने विंडोजवर यूटीएफ-८ हे मूळ एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) केलं, म्हणजे देवनागरी धड दिसू लागली. पण अट अशी की खालचं विंडोज पुरेसं नवं हवं: विंडोज १० ची १९०३ किंवा पुढची आवृत्ती, किंवा विंडोज सर्व्हर २०२२ किंवा पुढचं. काही व्हर्च्युअल डेस्कटॉप विंडोज सर्व्हर २०१९ वर चालतात, ते आतून १८०९ आहे. तिथे नवं आर असूनही गावांची नावं कोनकंसांतल्या यू-अधिक-आकडे अशा रूपात दिसतात, आणि तोच कोड तुमच्या लॅपटॉपवर मात्र नीट चालतो.

'विनव्हर' चालवून आकडा पाहा. आरमध्ये एल-१०-एन-इन्फो हे फंक्शन चालवलं की यूटीएफ-८ समोर ट्रू किंवा फॉल्स येतं. फॉल्स आलं तर फाइल रीडआर पॅकेजने वाचा. डेटा आत सहसा शाबूत असतो, छापताना तेवढा बिघडलेला दिसतो. एक्सेलसाठी सीएसव्ही लिहायची तर रीडआरचं राइट-एक्सेल-सीएसव्ही वापरा. ते फाइलीच्या सुरुवातीला एक खूण टाकतं, ज्यामुळे एक्सेल देवनागरी ओळखतं.

मॅकवरून रिमोट सत्रात मराठी टाइप होत नसेल तर विंडोज ॲपच्या कनेक्शन्स मेनूत कीबोर्ड मोड बघा. युनिकोड मोडमध्ये मॅकचा मराठी कळफलक चालतो. स्कॅनकोडमध्ये फक्त कळेचा क्रमांक पलीकडे जातो, मग मराठी कळफलक तिकडच्या विंडोजमध्ये बसवावा लागतो.

हेल्प डेस्कला लिहिताना

'पॅकेजेस जातात' एवढंच लिहिलंत तर 'पुन्हा इन्स्टॉल करा' असं उत्तर येईल आणि तिकीट बंद होईल. त्यापेक्षा होस्टनेम, वेळ (त्यांच्या घड्याळाप्रमाणे), आरची आवृत्ती, डॉट-लिबपाथ्सचं जसंच्या तसं उत्तर आणि कोणत्या फोल्डरमधली चाचणीची फाइल टिकली नाही हे लिहा. आणि एक थेट मागणी करा: आर-लिब्ज-यूझरचा (वर डॉट-आरएन्व्हिरॉनमध्ये लिहिलेल्या त्याच नावाचा) पत्ता नमुना-प्रतिमेतच नेटवर्क ड्राइव्हकडे वळवा. त्यांच्या बाजूला हे आरच्या स्वतःच्या 'आरएन्व्हिरॉन डॉट साइट' फाइलीतल्या एका ओळीचं काम आहे. लॉगिनच्या वेळी फोल्डरही आपोआप बनेल अशी व्यवस्था त्यांनी केली, तर पुढच्या वर्षी येणाऱ्या कुणालाच डॉट-आरएन्व्हिरॉन उघडावी लागणार नाही. एकट्या विद्यार्थ्याची ही मागणी रेंगाळते. ज्या कोर्ससाठी आर लागतं त्याच्या प्राध्यापकांकडून ती गेली तर सेमिस्टर सुरू होण्याआधीच्या प्रतिमेत बसवून घेता येते, म्हणून तिकिटाची प्रत त्यांनाही पाठवा.